दोष शर्टावर, मूळ फ्रेमवर
शर्टावरील बहुरंगी स्क्रीन छपाईत वारंवार येणाऱ्या अडचणींचा आढावा

दहीहंडीच्या आठवड्यात मुंबई-ठाण्याच्या रस्त्यांवर गोविंदा पथकांचे टी-शर्ट जरा जवळून पाहावेत. पाठीवर मडके, मानवी मनोरा, पथकाचे नाव, खाली प्रायोजकाचे चिन्ह. चार-पाच रंग सहज असतात. त्यांतल्या काही शर्टांवर केशरी मडके आणि त्याची काळी बाह्यरेषा यांच्यामध्ये शर्टाचा मूळ रंग केसाएवढ्या जाडीने डोकावतो. कुठे लाल जर्सीवरची पांढरी अक्षरे गुलाबी पडलेली असतात, कुठे दोन धुण्यांतच प्रिंट तडकलेली असते. घालणाऱ्याला एवढेच जाणवते की काम हलके झाले. छापणाऱ्याने मात्र त्या रात्री मशीनचे स्क्रू पिळलेले असतात, रंगात थिनर ओतलेले असते, स्क्वीजीवर, म्हणजे रंग ओढणाऱ्या पट्टीवर, जास्त जोर दिलेला असतो आणि तरीही ती रेघ गेलेली नसते.

ती का जात नाही, हा या लेखाचा प्रश्न आहे. एकरंगी छपाईत चूक झाली तर ती एकाच जागी शोधावी लागते. रंग चार झाले की फ्रेमही चार होतात, फिल्मही चार आणि जाळीचे ताणही चार. त्यांतला प्रत्येक घटक उरलेल्या तिघांशी जुळावा लागतो. बहुरंगी कामातले बहुतेक दोष या न जुळण्यातून येतात आणि ते छापताना दिसत असले तरी जन्मलेले असतात बरेच आधी: फ्रेम ताणताना, जाळीवरचा प्रकाशाने घट्ट होणारा लेप, म्हणजे इमल्शन, वाळवताना किंवा फिल्म काढताना. दोषांचा आढावा घ्यायचा तर शर्टापासून मागे मागे जावे लागते.

प्रश्न जुना, माध्यम नवे

रंगावर रंग बिनचूक बसवण्याची धडपड महाराष्ट्राला नवी नाही. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या शिळाछापाच्या चित्रांत एकेका रंगासाठी स्वतंत्र दगड लागे. कागद दर वेळी नेमक्या त्याच जागी ठेवला नाही, तर देवीच्या ओठांचा लाल रंग गालावर जाई. स्क्रीन छपाईत दगडाच्या जागी जाळी आली. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ मध्ये रेशमी जाळीच्या छपाईचे पेटंट घेतले. शर्टासाठीचे फिरते बहुरंगी यंत्र अमेरिकेत मायकल व्हॅसिलॅन्टोन यांनी घडवले आणि त्याचे पेटंट त्यांना १९६९ मध्ये मिळाले. मधला खांब, त्याभोवती फिरणाऱ्या फ्रेम आणि शर्ट चढवायच्या फळ्या ही त्याची रचना आज लहानमोठ्या वर्कशॉपमध्ये सर्वत्र दिसते.

भारतात दुसरी पद्धतही तितकीच रुळलेली आहे: लांबलचक टेबल, त्याच्या कडेला लोखंडी पट्टी आणि पट्टीवर ठरावीक अंतरावर घट्ट केलेले स्टॉपर. कापलेले पुढचे-मागचे भाग गम लावलेल्या टेबलावर ओळीने चिकटवतात आणि कारागीर फ्रेम घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत छापत जातो. परत येईपर्यंत पहिला रंग थोडा सुकलेला असतो, मग दुसरी फ्रेम. यंत्र फिरते असो वा टेबल सरळ, तत्त्व रांगोळीच्या छाप्याचेच आहे. जिथे भोक आहे तिथून रंग खाली उतरतो, जिथे भोक बुजवले आहे तिथे अडतो. फरक एवढाच की छापा जाळीचा आहे, जाळी लवचिक आहे आणि खालचे कापडही लवचिक आहे. बहुतेक तक्रारींचे मूळ या दुहेरी लवचिकतेत आहे.

रंग सरकतो तेव्हा

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची आपसांतली जुळणी, सुटण्याची. तिच्यावर पहिला उपाय म्हणून हात जातो फ्रेम पकडणाऱ्या शिकंज्याच्या स्क्रूकडे. कधी तो बरोबर ठरतो, पण त्याआधी रंग कसा सरकला आहे हे पाहायला हवे. या सरकण्याचे चार नमुने आहेत आणि चौघांची कारणे वेगळी आहेत.

पहिला नमुना: सगळ्या शर्टांवर, सगळ्या बाजूंनी रंग सारखाच सरकलेला. ही मांडणीतली चूक. फ्रेम हलवून घट्ट केली की काम संपते. दुसरा नमुना: डावीकडे रंग बसतो, उजवीकडे सुटतो, किंवा वर जुळतो आणि खाली लांबतो. इथे स्क्रू कितीही पिळले तरी एक बाजू जुळवताना दुसरी बिघडते, कारण दोन प्रतिमांचा आकारच सारखा नाही. तिसरा नमुना: एका शर्टावर बरोबर, दुसऱ्यावर चूक, तिसऱ्यावर पुन्हा बरोबर. म्हणजे काहीतरी ढिले आहे: फळीवरचा शर्ट, मशीनचा सांधा किंवा टेबलाचा स्टॉपर. चौथा नमुना: सुरुवात बिनचूक आणि पन्नासेक शर्टांनंतर रंग हळूहळू एकाच दिशेला जातो. इथे उष्णतेचा संशय घ्यावा, किंवा सैल होत चाललेल्या पकडीचा.

दुसऱ्या नमुन्यावर थोडे थांबायला हवे, कारण तो सर्वांत फसवा आहे. छापताना जाळी कापडाला टेकलेली नसते, दीड ते तीन मिलिमीटर वर तरंगत असते. स्क्वीजी तिला खाली दाबते आणि पुढे सरकली की मागची जाळी लगेच उचलली जाते. या उचलण्यानेच रंगाची कड स्वच्छ येते. जाळी सैल असेल तर स्क्वीजी तिला आपल्याबरोबर पुढे ओढते आणि चित्र ओढण्याच्या दिशेने किंचित लांबते. एका फ्रेमचा ताण २५ न्यूटन आणि दुसरीचा १२ असेल, तर दोन्ही चित्रे वेगवेगळी लांबतील. फिल्म बिनचूक असेल, मांडणीही बिनचूक असेल, तरी मडक्याची कड सुटेलच. ताण मोजतात न्यूटन प्रति सेंटिमीटरमध्ये. बहुरंगी कामाला २० ते २५ न्यूटन चांगला मानतात. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचे हे की एका कामाच्या सगळ्या फ्रेमचा ताण जवळपास सारखा हवा, दोन न्यूटनपेक्षा जास्त फरक नको. ताणमापक महाग असतो. तो नसेल तर जाळीवर टिचकी मारून आवाज ऐकण्याची जुनी सवय अगदीच वाया जात नाही. हलगीवाला हलगी शेकून चामड्याचा ताण परत आणतो, जाळीला ती सोय नाही. सैल झालेली जाळी उतरवून नवी चढवणे हाच उपाय. लाकडी फ्रेम पाण्याने वाकते, खिळ्यांपाशी जाळी सुटत जाते. म्हणून चार रंगांच्या कामाला ॲल्युमिनियमची चौकट घ्यावी असा सल्ला अनुभवी छापणारे देतात आणि तो रास्त आहे.

आकार बदलण्याचे दुसरे ठिकाण फिल्म. लहान वर्कशॉपमध्ये आजही लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग पेपर काढून काम भागवतात. प्रिंटरच्या उष्णतेने कागद आक्रसतो आणि पावसाळी हवेत पुन्हा फुगतो. दोन रंगांचे कागद आज काढले आणि खराब झाला म्हणून तिसरा उद्या काढला, तर तिसरा रंग बसणार नाही. साधा नियम असा: एका कामाच्या सगळ्या फिल्म एकाच प्रिंटरवर, एकाच बैठकीत काढाव्यात. एक बिघडली तर सगळ्या परत काढाव्यात.

तिसऱ्या नमुन्यासाठी एक सोपी चाचणी आहे. फळीवर शर्ट नीट चिकटवून एकाच फ्रेमने त्याच जागी दोनदा छापावे. दुसरा ठसा पहिल्यावर तंतोतंत बसला तर मशीनचा सांधा निर्दोष आहे आणि संशय फ्रेम व फिल्मकडे वळवावा. कड दुहेरी दिसली तर सांधे, स्टॉपर किंवा गम पाहावा. गमवर कापसाची लव साचली की पकड जाते आणि जाळी उचलताना शर्टही उचलला जातो. छपाईत दिसणारी धूसर दुहेरी सावली बऱ्याचदा एवढ्याच कारणाने येते.

चौथ्या नमुन्यात गुन्हेगार बहुधा कापूस. दोन रंगांच्या मध्ये फ्लॅश, म्हणजे रंग पटकन सुकवणारी उष्णता, मारला की सुती शर्टातला ओलावा जातो आणि कापड आकसते. पहिला रंग ओलसर, सैल कापडावर छापलेला असतो आणि दुसरा आकसलेल्यावर छापला जातो. यावर उपाय आहे: पहिला रंग छापण्याआधीच रिकामा शर्ट काही सेकंद फ्लॅशखाली फिरवून घ्यावा. आकसायचे ते आधीच आकसते. फळ्याही कामाला लागण्याआधी तापवून घ्याव्यात, म्हणजे पहिला आणि शंभरावा शर्ट सारख्याच उष्णतेवर छापला जातो.

हे सगळे करूनही कापडावर केसाएवढा फरक उरतोच. म्हणून डिझाइन करणाऱ्यानेच हलक्या रंगाची कड गडद रंगाखाली साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर सरकवून ठेवावी. याला ट्रॅपिंग म्हणतात. संगणकावर अक्षरश: एकमेकांना टेकलेल्या कडा शर्टावर कधीच टेकत नाहीत.

पावसाळ्यातले इमल्शन

दहीहंडी आणि गणपती ही महाराष्ट्रातल्या शर्ट छपाईची सुगी आणि ती भर पावसाळ्यात येते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-कोकणात हवेतली सरासरी सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. याच दिवसांत जाळीवर बारीक छिद्रे पडणे, छापताना मधूनच इमल्शन सुटणे, अक्षरांच्या कडा कुरतडल्यासारख्या येणे या तक्रारी वाढतात. दोष इमल्शनच्या डब्याला दिला जातो. पण बऱ्याचदा डबा चांगला असतो, वाळवणे अपुरे असते.

इमल्शन हाताला कोरडे लागले तरी त्याच्या पोटात पाणी राहू शकते. त्या ओलाव्यामुळे प्रकाश पडल्यावरही इमल्शन पुरते घट्ट होत नाही. धुताना जाळीच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर लागला तर समजावे की प्रकाश कमी पडला किंवा वाळवणे अर्धवट राहिले. प्रकाश छापाच्या बाजूने येतो, त्यामुळे कच्चेपण आतल्या बाजूला आधी दिसते. अशी फ्रेम पहिल्या वीस शर्टांना तग धरते आणि मग फुटते. पाण्याच्या, म्हणजे पाण्यात कालवलेल्या, रंगाने तर आणखी लवकर फुटते, कारण तो रंग स्वत:च इमल्शन भिजवत असतो. उपाय म्हणजे बंद कपाट, त्यात छोटा पंखा किंवा हीटर, तापमान ४० अंशांच्या आत. ज्यांना परवडते ते हवेतला ओलावा शोषणारे यंत्र ठेवतात. फ्रेम आडवी, छापाची बाजू खाली करून वाळवावी, म्हणजे थर त्याच बाजूला सारखा बसतो. धुऊन वाळल्यावर फ्रेम पुन्हा एकदा प्रकाशात धरली की उरलेले कच्चेपणही बरेच कमी होते.

उन्हात प्रकाश देण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. काचेखाली फिल्म, तिच्याखाली फ्रेम, आतून स्पंज आणि हातात घड्याळ. स्वच्छ दुपारी ती चालते, पण ढग आला की सेकंदांचा हिशेब कोलमडतो. एकाच कामाच्या चार फ्रेम चार वेगळ्या उन्हांत काढल्या तर चारांची जाडी आणि टिकाऊपणा वेगळा येतो. म्हणून किमान दिव्याची पेटी हवी. त्याहून महत्त्वाची आहे पायरी चाचणी. एकाच फ्रेमवर पट्ट्यापट्ट्यांनी वेगवेगळा वेळ प्रकाश द्यावा, धुवावे आणि ज्या पट्टीत बारीक रेषा उघडी राहते आणि आतली बाजूही बुळबुळीत होत नाही तो वेळ भिंतीवर लिहून ठेवावा. पाऊस सुरू झाला, जाळी बदलली किंवा इमल्शन बदलले की ही चाचणी पुन्हा करावी.

बारीक छिद्रांचे कारण मात्र वेगळे. जाळीवरचे तेलकट डाग आणि काचेवरची धूळ हीच बहुतेक वेळा कारणे असतात. धूळ जिथे बसते तिथे प्रकाश अडतो आणि नेमके तिथेच भोक पडते. इमल्शन लावण्याआधी जाळी धुऊन तेल काढणे आणि काच पुसणे या दोन कामांना दहा मिनिटे लागतात. ती वाचवली तर छापताना प्रत्येक फ्रेमवर टेप लावत बसावे लागते.

इथे आरोग्याचा मुद्दा टाळता येत नाही. स्वस्त म्हणून बायक्रोमेट घालून तयार केलेले इमल्शन अजून वापरात आहे. त्यातला षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि तो उघड्या हाताने हाताळला जातो, धुतलेले पाणी गटारात जाते. शिवाय बायक्रोमेटचे इमल्शन अंधारातही हळूहळू घट्ट होत राहते, उष्ण-दमट हवेत तर जास्तच, त्यामुळे काल लावलेली फ्रेम आज धुतली जात नाही. डायझो किंवा तयार फोटोपॉलिमर इमल्शन महाग वाटते, पण ते कामगाराचा जीव आणि मालकाच्या फ्रेम दोन्ही वाचवते. या एका बाबतीत काटकसर करू नये, असे मला मनापासून वाटते.

रंगावर रंग: झाकणे, चिकटणे, खरवडणे

गडद शर्टावर हलका रंग छापायचा तर खाली पांढरा थर लागतो. या थराभोवती तक्रारींचा दुसरा मोठा गठ्ठा आहे. पांढरा पुरेसा झाकत नाही म्हणून कारागीर स्क्वीजी जोरात दाबतो. परिणाम उलटा होतो. रंग कापडावर बसण्याऐवजी धाग्यांत आत जातो आणि वर काळा शर्ट पुन्हा डोकावतो. झाकण्याची शक्ती जोरातून येत नाही, ती कापडावर उरलेल्या रंगाच्या थरातून येते. त्यासाठी जाळी मोकळी हवी. इंचाला ११० ते १५६ धाग्यांची, म्हणजे सेंटिमीटरला साधारण ४३ ते ६१ धाग्यांची. एक हात, मध्ये फ्लॅश आणि मग दुसरा हात, हे दोन हात एका जड हातापेक्षा नेहमी चांगले झाकतात. पांढरा रंग घोटून मऊ केल्याशिवाय वापरू नये. डब्यात थिजलेला पांढरा ढवळल्यावर बराच सैल होतो आणि थिनरची गरज बऱ्याचदा तिथेच संपते.

फ्लॅश किती द्यायचा यावर काम घडते किंवा बिघडते. खालचा थर बोटाला लागू नये इतपतच सुकवायचा असतो, पुरता पिकवायचा नसतो. पुरता पिकला तर वरचा रंग त्याला धरत नाही आणि धुण्यात पापुद्र्यासारखा सुटतो. कमी सुकला तर पुढच्या जाळीला चिकटून उचलला जातो. आणि फ्लॅशखालून आलेला गरम शर्ट लगेच पुढच्या फ्रेमखाली घेतला, तर त्या जाळीतला प्लास्टिसॉल, म्हणजे पीव्हीसीचा रंग, भोकांतच घट्ट होऊ लागतो. मध्ये दोन क्षण गार होऊ द्यावे किंवा एक फळी रिकामी सोडावी.

ओल्यावर ओला छापताना आणखी एक गोष्ट होते. पहिला रंग पुढच्या प्रत्येक जाळीच्या तळाला थोडा थोडा लागतो. दहा-बारा शर्टांनंतर तो तिथे साचतो आणि शर्टावर खडबडीत, ठिपकेदार पृष्ठ येते. यावर रंगांचा क्रम हे अर्धे उत्तर आहे. साधारणपणे खालचा पांढरा आधी, मग लहान जागांचे आणि हलके रंग, मोठे पसरलेले रंग नंतर आणि बाह्यरेषेचा काळा शेवटी. वरच्या रंगांना बारीक जाळी घेतली, इंचाला २०० ते २३० धाग्यांची, तर रंगच कमी पडतो आणि साचणेही कमी होते. उरलेले अर्धे उत्तर सोपे आहे: ठरावीक शर्टांनंतर जाळीचा तळ पुसणे.

काळ्या शर्टावरच्या पांढऱ्या प्रिंटमधून धुतल्यावर बारीक काळी लव वर येते, तो दोष रंगाचा नसतो. मोकळ्या पिळाच्या स्वस्त सुताची लव रंगातून डोके काढते. दोन थरांच्या मध्ये पृष्ठ सपाट दाबून घेतले तर ती दबते. पण खरा निर्णय शर्ट निवडताना झालेला असतो.

पाण्याच्या रंगाची अडचण प्रदेशानुसार बदलते. कोकणात तो सुकत नाही, विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात तो जाळीतच सुकतो आणि बारीक अक्षरे बुजतात. तिथे प्रत्येक छापानंतर जाळीवर रंगाचा ओला थर पसरून ठेवणे, मधूनमधून पाण्याचा फवारा देणे आणि रंगात ओल धरणारा युरिया किंवा ग्लिसरीन घालणे हे उपाय चालतात. एकच कृती दोन्ही ठिकाणी लागू करणे हीच चूक.

ठिपक्यांचे चित्र

शिवरायांचे किंवा गणपतीचे छटा असलेले चित्र छापायचे तर ते ठिपक्यांत मोडावे लागते. इथे दोन दोष ठरलेले. एक, ठिपका कापडावर पसरतो. संगणकावर अर्धी भरलेली छटा शर्टावर दोन तृतीयांश भरल्यासारखी दिसू शकते, म्हणून चित्र आधीच फिके करून घ्यावे. दुसरा दोष म्हणजे जाळीचे धागे आणि ठिपक्यांच्या रांगा एकमेकांवर येऊन उठणारी लाटांची नक्षी. इंचाला जितक्या ठिपक्यांच्या रांगा असतील त्याच्या चार-पाचपट धाग्यांची जाळी घ्यावी आणि ठिपके साडेबावीस अंशांच्या कोनात मांडावेत, म्हणजे ही नक्षी बरीच टळते. कागदाच्या ऑफसेट छपाईचे कोन शर्टावर जसेच्या तसे आणले की ती हमखास उठते. बारीक ठिपक्यांसाठी पिवळी जाळी घ्यावी. पांढरे धागे प्रकाश आडवा पसरवतात आणि ठिपका कडेने बुजतो.

भट्टीतून बाहेर

प्रिंट तडकते किंवा धुण्यात जाते, तेव्हा प्रश्न बहुधा क्युरिंगचा, म्हणजे रंग उष्णतेने पक्का करण्याचा असतो. प्लास्टिसॉल सुकत नाही. त्यातले पीव्हीसीचे कण उष्णतेने द्रव शोषून एकजीव होतात आणि त्यासाठी नेहमीच्या रंगाचा संपूर्ण थर सुमारे १६० अंशांपर्यंत तापावा लागतो. हातातली तापमान मोजायची लेझर बंदूक फक्त वरच्या पृष्ठाचे तापमान दाखवते. वर १६० असताना तळाशी खूप कमी असू शकते आणि जाड पांढऱ्या थराखाली तर हमखास असते. म्हणून तापमान वाढवण्यापेक्षा वेळ वाढवावा. गार झालेली प्रिंट ताणून पाहावी. तडे गेले तर ती कच्ची आहे. शेवटचा निकाल धुण्याचा.

इथेही पाऊस आडवा येतो. साधारण हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी धरतो. म्हणजे २०० ग्रॅमच्या शर्टात सुमारे १६ ग्रॅम पाणी असते, पावसाळ्यात त्याहून जास्त. ते उडून जाईपर्यंत कापडाचे तापमान शंभराच्या पुढे नीट सरकत नाही. मार्चमध्ये ठरवलेला भट्टीच्या पट्ट्याचा वेग ऑगस्टमध्ये कच्ची प्रिंट देतो, याचे कारण एवढेच. पाण्याच्या रंगाला तर स्वत:चेही पाणी आधी उडवावे लागते, मग त्यातला बाइंडर पक्का होतो. त्याला उष्णतेइतकाच वाहता वारा लागतो.

पॉलिएस्टरची गोष्ट उलटी. कबड्डीच्या, क्रिकेटच्या आणि गोविंदांच्या जर्सी आता बहुतांशी पॉलिएस्टरच्या असतात. त्यांना रंगवणारे डिस्पर्स रंग उष्णतेने वायुरूप होऊन प्रिंटमध्ये शिरतात. म्हणून लालवरचा पांढरा गुलाबी होतो. घात असा की तो लगेच होईलच असे नाही, काही तासांनी किंवा दिवसांनीही होतो, माल पोहोचल्यावर. भट्टी वाढवली की दोष वाढतो. उपाय तीन: १३० अंशांच्या आसपास पिकणारे रंग, खाली काजळी असलेला राखाडी रोधक थर, आणि भट्टीतून आलेले शर्ट गार झाल्याशिवाय थप्पी न लावणे. थप्पीत उष्णता कोंडते आणि रंगाचे स्थलांतर चालूच राहते. ऑर्डर घेण्याआधी त्याच कापडाचा एक तुकडा छापून दोन दिवस ठेवणे ही सर्वांत स्वस्त विमा योजना आहे.

मतभेद कुठे आहेत

या क्षेत्रातला जुना वाद प्लास्टिसॉल की पाण्याचा रंग हा. प्लास्टिसॉलची बाजू अशी की तो जाळीत सुकत नाही, झाकतो छान आणि नवख्याला सांभाळतो. विरुद्ध बाजू अशी की तो पीव्हीसी आहे, अंगावर रबरासारखा बसतो आणि त्यातल्या थॅलेट या मऊपणा देणाऱ्या द्रव्यांवर निर्बंध आले आहेत. अमेरिकेने मुलांच्या वस्तूंसाठी २००८ मध्येच कायदा केला. पाण्याचा रंग कापडात मुरतो, आपल्या हवेत अंगाला बरा वाटतो, पण कौशल्य मागतो. दोषांच्या दृष्टीने पाहिले तर दोन्हींत कमी-जास्त काही नाही, दोष फक्त जागा बदलतात. प्लास्टिसॉलचे दोष भट्टीत दडलेले असतात, पाण्याच्या रंगाचे जाळीत. आपल्या हातात ज्या जागेवर जास्त नियंत्रण आहे त्यावरून निवड करावी. डिस्चार्ज हा तिसरा मार्ग, ज्यात शर्टाचा मूळ रंगच उडवला जातो. मऊपणाला त्याची तोड नाही. पण तो रिॲक्टिव्ह रंगांच्या सुतावरच चालतो, त्यातही काही निळे-हिरवे दाद देत नाहीत, आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटतो. बंद खोलीत हे काम करणे कामगारावर अन्याय आहे.

दुसरा वाद यंत्राचा. स्वयंचलित मशीन घेतली की दोष जातील, असे सांगितले जाते. ती प्रत्येक हाताचा दाब, कोन आणि वेग सारखा ठेवते हे खरे. थकलेल्या मनगटामुळे येणारा फरक जातो. पण सैल जाळी तिच्यावरही तितकीच लांबते, कच्चे इमल्शन तिच्यावर तर आणखी लवकर फुटते. गेल्या काही वर्षांत डीटीएफ आले. फिल्मवर चित्र छापून उष्णतेने शर्टावर दाबायचे, रजिस्ट्रेशनचा प्रश्नच नाही. दहा-वीस शर्टांची कामे तिकडे गेली आणि ते समजण्यासारखे आहे. शेकडो शर्टांच्या कामात स्क्रीनचा दर, रंगाची खोली आणि हवा खेळती ठेवणारी प्रिंट यांना अजून तोड नाही. मात्र ती जागा टिकायची तर बिघडलेल्या शर्टांची थप्पी कमी व्हायला हवी.

वहीची गरज

एवढ्या आढाव्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. दोष दिसला की एकाच वेळी चार गोष्टी बदलण्याचा मोह होतो: रंग पातळ, जोर जास्त, फ्रेम वर, भट्टी गरम. मग दोष गेला तरी कशाने गेला ते कळत नाही आणि पुढच्या कामात तो परत येतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, एक शर्ट छापावा, पाहावे. शोधाची दिशाही ठरलेली असावी: आधी शर्ट आणि गम, मग सांधे, मग जाळीचा ताण, मग इमल्शन, मग फिल्म, आणि सर्वांत शेवटी रंगाचा डबा. आपण बहुधा डब्यापासून सुरुवात करतो, कारण तो हाताशी असतो.

आणि एक वही हवी. कोणत्या कामाला कोणती जाळी, ताण किती, प्रकाश किती सेकंद, भट्टीचा पट्टा कोणत्या वेगाने, त्या दिवशी पाऊस होता की ऊन. वर्कशॉपमधले हे ज्ञान आज बहुतेक ठिकाणी एका उस्तादाच्या हातात असते. तो दुसरीकडे गेला की ते त्याच्याबरोबर जाते आणि नवा पोरगा सगळे दोष पहिल्यापासून शिकतो. दोन पावसाळ्यांच्या नोंदी असलेली वही त्या पोराला ताणमापकाइतकीच उपयोगी पडेल.

पुढच्या दहीहंडीला मडक्याच्या कडेला ती रेघ दिसेल तेव्हा स्क्रूला हात लावण्याआधी ती रेघ सगळीकडे सारखी आहे की एका बाजूला वाढत जाते, हे पाहावे. वाढत असेल तर फ्रेम काढून चारही जाळ्यांवर टिचकी मारावी. एकीचा आवाज बसका येईल. शर्टावरचा दोष तिथे ऐकू येतो.